राउप कुटुंबाची उत्तरवारी

हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू राउप १९२०च्या दशकापासून कॅनडातल्या अथाबास्का आणि ग्रेट स्लेव्ह सरोवरांभोवती हिंडत होते. पत्नी ल्यूसी सोबत असायच्या, पण निव्वळ शिधा सांभाळायला नव्हे. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल ज्या प्रकारातलं, ती लायकेन हा त्यांचा स्वतंत्र अभ्यासविषय. त्यावर त्यांनी शोधनिबंध लिहिले.

१९३९मध्ये दोघं मॅकेन्झी पर्वतांतल्या ब्रिंटनेल सरोवरावर गेले, तेही दोन्ही मुलांना घेऊन! अशा मोहिमेत खरी कसोटी डोंगर चढण्यात नसते. नमुने कागदांत दाबायचे, ओले कागद पुन्हा पुन्हा बदलायचे, बुरशी लागू द्यायची नाही. हे कंटाळवाणं काम रोजचंच.

१९४२मध्ये अमेरिकी लष्कराने अलास्का महामार्ग काढला. पुढच्याच वर्षी राउप त्या नव्या वाटेवरची झाडं नोंदवत होते.