वीरगळाचें स्थान हाच त्याचा लेख

अथेन्स नगराच्या वेशीबाहेर केरामेइकोस नांवाची प्राचीन दफनभूमि आहे. तेथें सांपडलेल्या एका शिळेवर डेक्सिलेओस या तरुण घोडेस्वाराचें नांव, पित्याचें नांव, गांव, जन्मवर्ष व मृत्युवर्ष हीं कोरलेलीं आहेत. इ. स. पूर्वीं ३९४ मध्यें कॉरिंथकडील युद्धांत तो पडला. वय सुमारें वीस. शिल्पांत मात्र तो घोड्यावर आरूढ असून शत्रूस टापांखालीं लोळवीत आहे. हेगेसो नामक स्त्रीच्या शिळेवर ती आसनावर बसून, दासीनें पुढें धरलेल्या पेटींतील अलंकार निरखीत आहे. मृतास जिवंतपणींच्या रूपांत दाखवावें व तो कोण हें अक्षरांनीं सांगावें, अशी ही रीत. डेक्सिलेओसाची शिळा आज संग्रहालयांत आहे. तरी ती मुकी झाली नाहीं, कारण लेख तिच्याबरोबर गेला.

महाराष्ट्रांतील वीरगळाची गोष्ट निराळी आहे. संस्कृत ‘वीर’ व कानडी ‘कल्लु’ म्हणजे दगड, यांपासून हा शब्द झाला. त्याचे कप्पे खालून वर वाचावयाचे. सामान्यतः तळाशीं धारातीर्थीं पडलेला वीर. त्यावर युद्ध, पुष्कळदां शत्रूनें वळविलेल्या गाईंसाठीं झालेलें. त्यावर वीरास स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा. आणि शेवटीं शिवलिंगाचें पूजन. माथ्यावर चंद्रसूर्य असतात, म्हणजे कीर्ति आचंद्रार्क राहो. रणांत पडणाऱ्यास भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत जें आश्वासन दिलें आहे, तेंच येथें दगडांत मांडलें आहे.

परंतु ही कीर्ति कोणाची? कर्नाटकांतील अनेक वीरगळांवर लेख आहेत. आमच्याकडील बहुतेकांवर नाहींत. मग ज्या भूमीवर तो उभा आहे ती भूमि हीच त्याची साक्ष. शिवेवरील गाईंच्या युद्धाचा दगड सांगतो कीं, या गांवाच्या गुरांसाठीं येथें कोणी प्राण दिला. मुंबईंत बोरिवलीजवळ एकसर येथें नौकायुद्धाचे वीरगळ आहेत. शिलाहार सोमेश्वर व यादव महादेव यांच्यांत इ. स. १२६५ च्या सुमारास झालेल्या संग्रामाशीं कित्येक विद्वान त्यांचा संबंध जोडतात. उत्तर कोंकणच्या किनाऱ्यावर ते उभे होते म्हणूनच हा तर्क संभवला. स्थानाची नोंद न ठेवितां तेच दगड दूरच्या एखाद्या अंगणांत मांडले असते, तर नौका दिसल्या असत्या, इतिहास दिसला नसता.

पूर्णा व गोदावरी यांच्या खोऱ्यांत राहणाऱ्या आम्हांस ही गोष्ट विशेष जाणवते. मराठवाड्यांत गांवोगांवीं असे दगड आहेत. कांहीं शेंदूर लागून देव झाले आणि म्हणून वांचले. कांहीं देवळाच्या जीर्णोद्धारांत पायरीस किंवा भिंतींत बसले. कांहीं रस्तारुंदीच्या वेळीं उचलले गेले. उचलणाऱ्याचा हेतु पुष्कळदां रक्षणाचाच असतो. तथापि नोंदीवांचून केलेलें रक्षण म्हणजे शिलालेख पुसून शिळा जपणें होय.

म्हणून आमची संशोधकांस व ग्रामस्थांस विनंति एवढीच कीं, दगड हलविण्यापूर्वीं गांव, जागा, तोंडाची दिशा, शेजारचे दगड व लोकांत चालत आलेलें त्याचें नांव हीं लिहून छायाचित्र घ्यावें. या कामास पांडित्य लागत नाहीं. शाळेंतील चौथीचा मुलगाही तें करूं शकेल. ज्यानें नांव मागें ठेविलें नाहीं, त्याचें निदान गांव तरी आपण हिरावूं नये.