'हवे' आणि 'प्रिय': एका स्पॅनिश क्रियापदाचा प्रवास

१/ स्पॅनिश शिकू लागलेल्या माणसाला पहिल्या काही धड्यांतच एक कोडे पडते. 'क्येरो आग्वा' म्हणजे 'मला पाणी हवे आहे'. 'ते क्येरो' म्हणजे मात्र 'माझे तुझ्यावर प्रेम आहे'. तहान आणि माया या दोहोंना एकच क्रियापद कसे पुरले? उत्तर इतिहासात आहे.

२/ इ.स.पू. २१८ मध्ये रोमन सैन्य इबेरियन द्वीपकल्पात उतरले आणि कालांतराने तेथे लॅटिन रुजली. लॅटिनमध्ये इच्छेसाठी 'वेल्ले' आणि प्रेमासाठी 'आमारे' अशी स्वतंत्र क्रियापदे होती. तिसरे होते 'क्वायरेरे'. त्याचा अर्थ शोधणे, विचारणे.

३/ 'वेल्ले'चा वंश फ्रेंच व इटालियन भाषांत टिकला. स्पॅनिश व पोर्तुगीजमध्ये मात्र त्याची जागा 'क्वायरेरे'ने घेतली. त्यातून 'केरेर' आले. माणूस जे शोधतो तेच त्याला हवे असते, या साध्या वाटेने अर्थ सरकला. शोधण्यासाठी स्पॅनिशने पुढे 'बुस्कार' हे वेगळे क्रियापद वापरले.

४/ मराठी वाचकाला हे नवल वाटू नये. आपले 'पाहिजे' हे मुळात 'पाहणे' या क्रियापदाचे जुने कर्मणी रूप. ज्याची वाट पाहिली जाते, ज्याला डोळे शोधतात, ते 'पाहिजे'. आणि 'हवे'ची द्विरुक्ती होताच 'हवाहवासा' या शब्दात जिव्हाळा उतरतो. गरजेतून आपुलकीकडे जाणारी वाट दोन्ही भाषांना ठाऊक आहे.

५/ मग स्पॅनिशमध्ये फरक ओळखावा कसा? एका 'आ'वरून. 'क्येरो ऊन मेदिको' म्हणजे 'मला एखादा डॉक्टर हवा'. 'क्येरो आ मि माद्रे' म्हणजे 'माझे आईवर प्रेम आहे'. विशिष्ट व्यक्ती कर्म असली की हा 'आ' येतो. वस्तूला त्याची सहसा गरज नसते.

६/ 'आमारे'ही नष्ट झाले नाही. 'ते आमो' आजही म्हणतात, पण अनेक ठिकाणी ते अधिक गंभीर, गहिऱ्या प्रेमासाठी राखलेले असते. आई, भाऊ, मित्र, लेकरू यांच्यासाठी ओठांवर येते ते 'ते क्येरो'.

७/ १४९२ हे वर्ष या भाषेच्या इतिहासात दोन कारणांनी ठळक आहे. अँतोनिओ दे नेब्रिहा यांचे कॅस्टिलियन भाषेचे व्याकरण त्याच वर्षी सालामांका येथे छापले गेले आणि राणी इसाबेलला अर्पण झाले. त्याआधी काही महिने, ३१ मार्चला, इसाबेल व फर्डिनंड यांनी धर्मांतर न करणाऱ्या ज्यूंना देशाबाहेर घालवण्याचे फर्मान काढले होते.

८/ निर्वासितांपैकी अनेकांना ऑटोमन साम्राज्यात आसरा मिळाला. घरदार मागे राहिले, भाषा सोबत गेली. थेसालोनिकी आणि इस्तंबूलच्या ज्यू घरांत 'लादिनो' म्हणून ओळखली जाणारी ही भाषा शतकानुशतके बोलली गेली. तिथे प्रेम व्यक्त होई ते 'ते केरो मुंचो' असे. क्रियापद तेच, उच्चार निराळा.

९/ १९४३ मध्ये नाझींनी थेसालोनिकीच्या ज्यूंना आउश्वित्झला नेले. बहुतेक जण परतले नाहीत. ज्या घरांत हे वाक्य रोज उच्चारले जाई, ती घरेच उरली नाहीत. आज लादिनो संकटग्रस्त भाषांत गणली जाते.

१०/ नवशिक्याच्या वहीतील 'क्येरो' हे छोटे रूप एवढा इतिहास वाहते. पाणी मागायलाही तेच आणि आईला जवळ घ्यायलाही तेच. ज्यांना देश नाकारला गेला, त्यांनीही आपल्या माणसांसाठी तेच क्रियापद जपले.