बंद करण्याच्या कळीची कुळकथा

झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं उत्तरेकडचं टोक. पलीकडे लगेच गुजरात. या मच्छीमार गावात वीज गेली तर मासळी थांबत नाही, म्हणून जनरेटरचं मोल इथे वेगळं सांगावं लागत नाही. पण जनरेटर सुरू करणं जितकं महत्त्वाचं, तितकंच तो क्षणात बंद करता येणंही. ही सोय उशिरा आली, आणि त्याचं मूळ इंजिनाच्या स्वभावात आहे.

पेट्रोल इंजिनाची ठिणगी तोडली की ते थांबतं. 1897 साली जर्मनीत आउग्सबुर्गला यशस्वी ठरलेल्या रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनात ठिणगीच नव्हती. दाबून तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं. त्यामुळे जुन्या डिझेल इंजिनाची बॅटरी काढली तरी ते चालूच राहतं. ते थांबवायचं तर डिझेल तोडावं लागतं किंवा हवा. हँडल मारून सुरू होणाऱ्या इंजिनांना त्यासाठी डिझेल पंपापाशी दांडी असे. पण आग लागली, धूर कोंडला, तर त्या दांडीपर्यंत जायचं कुणी?

उत्तर सापडलं ते सोलेनॉइडमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चुंबकी खटक्यात. वीज मिळते तोवर तो डिझेलची वाट उघडी धरतो. वीज तुटली की स्प्रिंग ती मिटवते. आता वायर लांब नेऊन बटण खोलीबाहेर बसवता येतं. बटणाची वायर मध्येच तुटली, तरी इंजिन थांबतंच. लाल बटण, मागे पिवळी पार्श्वभूमी, दाबल्यावर अडकून राहणं आणि सोडल्यावर यंत्र आपोआप सुरू न होणं हे संकेत आयएसओ 13850 या मानकाने पक्के केले.

तरीही एक धोका उरतो. इंजिन स्वतःचंच वंगणतेल जाळत पळू लागलं, तर डिझेल तोडून उपयोग नसतो. तिथे हवेची झडप बंद करावी लागते.

झाई ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात 1969 पासून तारापूरची अणुवीज चालू आहे. अणुकेंद्रांत हिशेब उलटा: आणीबाणीत राखीव जनरेटर सहजासहजी थांबू नये, म्हणून त्याच्या बहुतेक संरक्षक यंत्रणा बाजूला ठेवतात, फार वेग वाढणं अशी मोजकी कारणंच त्याला थांबवतात. तिथे वीज जाणं हेच मोठं संकट असतं.

दुकानात, वाडीत, बंदरावर मात्र संकट माणसाच्या जिवाचं आहे. म्हणून जुन्या जनरेटरला हे बटण जाणकार वायरमनकडून जरूर बसवून घ्यावं. आणि ते दाराबाहेर, कुणाचाही हात पोचेल असंच असावं. दर महिन्याला ते दाबून पाहावं. बंद न होणारं यंत्र राखणदार म्हणून ठेवणं परवडत नाही.