तारा किती असाव्यात?

‘नटरंग’ चित्रपटाचा (२०१०) नायक गुणा कागलकर गावाचे नाव आडनावातच घेऊन वावरतो. ज्या कादंबरीवरून तो पडद्यावर आला तिचे लेखक आनंद यादव यांचा जन्मही कागलचाच, १९३५ सालचा. तमाशापायी सगळे पणाला लावणाऱ्या ह्या गुणाच्या जगात तंतुवाद्य म्हणावे असे एकच, ते म्हणजे तुणतुणे. त्याला तारही एकच.

मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवण्याची गिटार, जिला आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणतात, ती घेऊ पाहणाऱ्याला तारांचा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो. सहा घ्याव्यात, आठ घ्याव्यात, की वीस? ह्या प्रश्नाचा इतिहास पाहताना आम्हांला तुणतुण्यापासून आरंभ करणे सोयीचे वाटते. कारण तार वाढते तेव्हा ती कशासाठी वाढते, हे एका तारेपासून मोजू लागल्यावरच नीट कळते.

तुणतुण्याच्या पोकळ नळकांड्याच्या तळाशी कातडे ताणलेले असते. त्याच्या मध्यातून निघालेली तार वरच्या खुंटीपर्यंत जाते. ती एकदा गायकाच्या षड्जाशी मिळवली की पुढे स्वर हलत नाही. तीच तार सूर धरते आणि तालही धरते. तंबोऱ्याचे कामही तत्त्वतः हेच, मात्र त्याला तारा बहुधा चार. पहिली पंचमाची, मग षड्जाची जोड, शेवटी खर्ज. मालकंसात पंचम नाही म्हणून पहिली तार मध्यमाला उतरवतात; मारव्यात ती निषादाला लावतात. ज्याला पंचम आणि निषाद दोन्ही हवेत तो पाच तारांचा तंबोरा घेतो. कोल्हापूरच्या पूर्वेला मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात ही वाद्ये घडवण्यास घेतली; तेथील सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची वाढलेली तार नवे काही गात नाही. जे गायले जाणार आहे त्याची बैठक ती रुंद करते.

आता हवाईकडे वळू. कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांचा जन्म १८७४ चा. ज्याला ह्या गिटारीचे जनकत्व दिले जाते तो जोसेफ केकुकु हाही १८७४ चाच. बोटांनी तारा दाबण्याऐवजी त्याने त्यांवरून पोलाद सरकवले, आणि त्यातूनच एक अडचण जन्माला आली. सरळ कांडी सगळ्या तारांना एकाच रेषेवर स्पर्श करते. बोटांनी जसे वेगवेगळे स्वर एकत्र पकडता येतात तसे कांडीने येत नाहीत. कोणती स्वरसंगती मिळणार हे तारा जुळवतानाच ठरून जाते. जुन्या पद्धतीने प-सा-प-सा-ग-प अशा तारा लावल्या तर केवळ सा-ग-प हाती येते. त्याऐवजी सा-ग-प-ध-सा-ग लावल्या तर सा-ग-प बरोबरच ध-सा-ग ही उदास छटेची संगतीही मिळते. सातवी-आठवी तार आली की निषादाला, ऋषभाला जागा होते. पाश्चात्त्य वादकांनी तारा वाढवल्या, एका वाद्याला दोन-दोन माना जोडल्या, पुढे तारांचा ताण बदलणारी पायपट्टी आणली, ती सारी ह्या एकाच गरजेपोटी.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही गिटार व्हॅन शिप्ले, हजारासिंग यांच्या हातून घरोघर ऐकू गेली. पण रागसंगीताने तिला जवळ केले तेव्हा हिशेब उलटला. रागाला स्वरसंगती नको असते. त्याला मींड हवी असते, आणि मींड तर कांडीच्या स्वभावातच आहे. अलीअकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारला चिकारीची जोड दिली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका १९६७ सालची. पुढे विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेत तारा विसाच्या घरात गेल्या. मात्र मुख्य वादनाच्या तारा तीनच राहिल्या. बाकीच्या चिकारीच्या आणि तरफेच्या. म्हणजे एकूण संख्या तिपटीहून वाढली, आणि गाणाऱ्या तारा निम्म्यावर आल्या. तिकडे तार बोलण्यासाठी वाढली, इकडे साद देण्यासाठी. मिरजेच्या तंबोऱ्याचेच हे तर्कशास्त्र आहे.

आम्हांला खटकते ते वेगळेच. आपल्याकडे तारांची संख्या ही प्रतिष्ठेचीही मोजणी होऊन बसली आहे. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या अल्लादियाखाँच्या मागे जो तंबोरा वाजला त्याला आपण साधना म्हणतो, आणि फडात मागे उभे राहून तितक्याच इमानाने षड्ज धरणाऱ्या तुणतुण्याचा शब्द ‘आपलेच तुणतुणे वाजवणे’ असा हिणवण्यासाठी वापरतो. गिटारीलाही मैफलीत जागा मिळाली ती अंगावर तरफा चढल्यावर, असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. त्या मोहाने नवशिका वीस तारा घेतो. मग राग बदलला की तरफा पुन्हा लावत बसतो. आणि त्या सगळ्यांचा ताण पेलेल अशी भक्कम मानही वाद्याला लागते.

म्हणून निवड करणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे, की आपल्याला गाण्यांची साथ करावयाची आहे की राग आळवावयाचा आहे. साथ करावयाची असेल तर सहा तारा पुरतात, आणि त्या अपुऱ्या पडतील तेव्हा आठांचा विचार करावा. राग आळवावयाचा असेल तर त्याच सहांपैकी दोन चिकारीला देऊन पाहाव्यात. तरफा नंतरही जोडता येतात. आणि एका तारेवर षड्ज स्थिर धरता येत नसेल, तर उरलेल्या एकोणीस त्या उणिवेचाच गजर करतील. गुणाच्या फडातल्या तुणतुणेवाल्याला हे कोणी शिकवावे लागले नसते.