दारावरचा कागद : साथ, पाळत आणि विश्वास



इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार तोकडा आहे. मी बेळगावात दवाखाना चालवणारा साधा होमिओपॅथ. आमच्या शास्त्रात रोग्याची हकीकत ऐकणे हेच निम्मे काम. झोप, भीती, घरातले भांडण, सगळे रोगी सांगतो, कारण ते दवाखान्याबाहेर जाणार नाही असा त्याला भरवसा असतो. साथ आली की सरकारलाही हकीकत हवी असते: हा कोणाला भेटला, कुठे गेला? ती मागणी रास्तच आहे. संपर्क शोधल्याशिवाय साथीची साखळी तुटत नाही. प्रश्न असा, की ही हकीकत कोणत्या अटींवर मागायची?

हा प्रश्न जुना आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. रोग्यांना सक्तीने रुग्णालयात नेतात या धास्तीने ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. कायदा जेमतेम चार कलमांचा. सरकारला वाटेल ते उपाय करण्याची मुभा, न ऐकणाऱ्याला शिक्षा आणि अंमलदारांना संरक्षण. रोग्याच्या अब्रूबद्दल त्यात अक्षर नव्हते.

पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर शिरले. रोगी रुग्णालयात आणि घरचे लोक विलगीकरणाच्या छावणीत जाऊ लागले. परिणाम काय झाला? लोकांनी रोगी लपवले, प्रेतेही लपवली. जी माहिती मिळवण्यासाठी दार फोडले, तीच दाराआड आणखी खोल गेली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ते आपण शाळेत शिकलो. पण त्याच पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय काढले, आणि आपल्या माणसांच्या हाती असलेल्या त्या जागी लोक रोगी घेऊन येऊ लागले, हे आपण सहसा आठवत नाही. रोग तोच होता. फरक विश्वासाचा होता.

आता २०२० कडे येऊ. त्या मार्चमध्ये राज्यांनी पहिल्यांदा हात घातला तो याच १८९७ च्या कायद्याला. २ एप्रिलला केंद्राचे आरोग्य सेतू ॲप आले. सोजिराची जागा खिशातल्या फोनने घेतली. ब्लूटूथने शेजारचे फोन टिपायचे आणि जीपीएसने ठिकाण. नाव, वय, व्यवसायही द्यायचा. १ मेच्या आदेशाने ते नोकरदारांना सक्तीचे झाले. माहिती कोणी वापरावी आणि किती काळ ठेवावी याचे नियम आले ११ मेला. म्हणजे आधी सक्ती आणि मग नियम. सक्ती पुढे सैल झाली.

दुसरी वाट नव्हती असे नाही. ॲपल आणि गुगलने त्याच काळात जी पद्धत तयार केली, तीत ठिकाण नोंदवले जात नव्हते. फोन एकमेकांना सतत बदलणारे सांकेतिक आकडे देत आणि जुळणी फोनमध्येच होई. जर्मनीने जूनमध्ये तिच्यावर आपले ॲप उभारले. उलट सिंगापूरकरांना माहिती फक्त संपर्कशोधासाठी आहे असे सांगितले गेले होते. जानेवारी २०२१ मध्ये कळले की गुन्ह्याच्या तपासात पोलीसही ती मागू शकतात. ओरड झाल्यावर हा वापर गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करणारा कायदा करावा लागला.

आपल्या कर्नाटकात घरी विलग ठेवलेल्यांना दिवसा दर तासाला स्वतःचा फोटो पाठवावा लागे. दारावर कागद लागे. जुलैत माझ्या एका जुन्या रोग्याचा फोन आला. दुकानदार माणूस. तीन दिवस ताप. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माझं नाव कुठं लिहू नका. दारावर कागद लागला तर दुकान बसेल." मी नाव लिहिले नाही. पण आजच्या आज तपासणीला जा, हे ठासून सांगायला मला एक दिवस उशीर झाला. त्याची म्हातारी आई त्याच घरात होती. पंधरवड्यात ती गेली. दोष त्याच्या भीतीचा, माझ्या भिडेचा की कागदाचा, याचा हिशेब मला अजून लागत नाही. पण तो कागद नसता तर त्याने पहिल्याच दिवशी फोन केला असता, एवढे मी खात्रीने सांगतो.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. त्यावर बंधन घालायचे तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच उच्च न्यायालयाने आरोग्य सेतूवरील लोकांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय इतरांना देण्यास अंतरिम मनाई केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले, की संपर्कशोध बंद करून जमवलेली माहिती पुसली आहे. चांगले झाले. पण पुसण्याची तारीख पहिल्याच दिवशी कायद्यात लिहिलेली असती, तर लोकांनी अधिक निःशंक मनाने हकीकत सांगितली असती.

खासगीपणा आणि सार्वजनिक आरोग्य ही तराजूची दोन पारडी आहेत असे आपण समजतो. सव्वाशे वर्षांचा अनुभव मला वेगळे सांगतो. गुपित राखले जाईल याची खात्री असेल तरच रोगी तोंड उघडतो, आणि रोगी बोलला तरच साथ आटोक्यात येते. पुढची साथ येईलच. तेव्हा काय विचारणार, कोणाला सांगणार आणि केव्हा पुसणार, हे आधी लिहून द्या. मग दार वाजवा. लोक ते आतून उघडतील.