भूप्रसरण सिद्धांत

पृथ्वी पूर्वी लहान होती, ती फुगत गेल्याने कवच फाटून खंड दुरावले व गुरुत्वाकर्षणही बदलले, असे मानणारा, आता त्याज्य ठरलेला सिद्धांत. जर्मनीत ऑट हिल्गेनबर्ग यांनी १९३३ मध्ये व ऑस्ट्रेलियात सॅम्युएल वॉरेन केरी यांनी १९५६ पासून तो मांडला. वस्तुमान तेच ठेवून त्रिज्या निम्मी धरल्यास पृष्ठभागावरील गुरुत्व चौपट भरते. पूर्वीचे गुरुत्व कमी मानायचे, तर वस्तुमान वाढल्याचे गृहीत धरावे लागते. तशी प्रक्रिया ज्ञात नाही.

या सिद्धांताची एक कसोटी पुराचुंबकत्व ही होय. लाव्हा थिजताना त्यातील मॅग्नेटाइटचे कण तत्कालीन चुंबकीय क्षेत्राची दिशा टिपतात. तिच्या नतीवरून (क्षितिजाशी असलेल्या कोनावरून) त्या वेळचा अक्षांश निघतो; एकाच खंडावरील दोन ठिकाणांचे असे अक्षांश व त्यांमधील अंतर यांवरून तेव्हाची त्रिज्या काढता येते. नवी मुंबईच्या पारसिक डोंगरातील बेसाल्ट ज्या दख्खन ट्रॅपचा भाग आहे, त्याचे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे स्थान अशा मोजणीनुसार दक्षिण गोलार्धात येते. पुराचुंबकीय मोजणींच्या १९७८ मधील एका विश्लेषणानुसार गेल्या ४० कोटी वर्षांत पृथ्वीच्या त्रिज्येत लक्षणीय वाढ झालेली नाही. २०११ मधील उपग्रहाधारित अभ्यासातही मोजणीतील अनिश्चिततेपलीकडे वाढ आढळली नाही.