सव्वा मूठ गहू आणि बडोद्याचं अॅल्युमिनियमचं मंदिर

सुरतेतल्या मराठी वस्तीचा इतिहास सांगताना आपण लूम, साड्या आणि तापी व्हॅली रेल्वे यांच्यापुढे सहसा जात नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं त्या लाइनने आली आणि उधना, लिंबायत, डिंडोलीत स्थिरावली. पण याच घरांतली काही मुलं लूमवर न जाता फौजेत गेली. आज त्यांच्याबद्दल, आणि त्याहून जास्त त्यांच्या बायकांबद्दल लिहितो.

फौज म्हटलं की आपल्याला बंदूक आठवते. पण रणगाडा, तोफ, ट्रक, वायरलेस बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? दुसऱ्या महायुद्धात या कामासाठी १९४२ मध्ये ब्रिटिश सैन्यात वेगळं दल निघालं, आणि १५ ऑक्टोबर १९४३ ला हिंदुस्थानी सैन्यातही. तेच आजचं ईएमई. तिथला साधा जवान शिपाई नसतो, त्याला 'क्राफ्ट्समन' म्हणतात. दलाचं ब्रीदवाक्य 'कर्म ही धर्म'. या दलाची मोठी शाळा बडोद्याला, म्हणजे सुरतेहून रेल्वेने दोन-अडीच तासांवर.

१९८० च्या सुमारास आमच्या शेजारचा मुलगा तिथे कोर्सला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पहाटे पीटी, मग वर्ग, मग वर्कशॉप, रात्री अभ्यास. ड्रॉइंग वाचायचं, मीटर लावून दोष शोधायचा. मराठी शाळेत दहावी झालेल्या पोराला इंग्रजी पुस्तकं म्हणजे डोंगरच. त्यात नापास झालं तर बढती लांबणार. बायको सुरतेत, सासू-सासऱ्यांजवळ. अंतर एवढंसं, पण सुट्टी मंजूर झाल्याशिवाय यायचं नाही.

नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई बसायची. खानदेशी मंडळींना सांगायला नको. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, त्याचे रोट करायचे, आणि ते घरच्यांनी, भाऊबंदांनीच संपवायचे. त्या वर्षी नेमकी त्याची परीक्षा आली. सुनेने विचारलं, "ते नाहीत, मग त्यांची मूठ?" सासू म्हणाली, "तो कुठंही असू दे, मूठ घालायचीच. त्याच्या वाटचं तू खा."

तिकडून त्याचं पत्र आलं, की इथे कानबाई नाही, पण शंकर आहे, रविवारी तिथे जाऊन आलो.

तो शंकर म्हणजे ईएमईच्या आवारातला दक्षिणामूर्ती. दक्षिणेकडे तोंड करून बसलेला, शिष्यांना ज्ञान देणारा शिव. शाळेला याहून योग्य देव कुठला? हे मंदिर १९६६ मध्ये ब्रिगेडियर ए. एफ. यूजीन यांच्या पुढाकाराने उभं राहिलं, आणि ते स्वतः ख्रिस्ती होते. बांधकामावर अॅल्युमिनियमचे पत्रे. कळस हिंदूंचा, घुमट मुसलमानांचा, मनोरा ख्रिस्त्यांचा, वरचा सोनेरी भाग बौद्धांचा, प्रवेशद्वार जैनांचं, अशी त्याची कल्पना सांगतात. यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांचं मंदिर, त्यामुळे वर्कशॉपमध्ये शोभेल असंच.

श्रद्धेची सोय फौजेने मनापासून केली. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री रीतसर नेमले. संसाराची सोय मात्र तेवढी सोपी नव्हती. विवाहितांची क्वार्टर्स कमी, यादी लांब, आणि कोर्सवरचा जवान बॅरेकमध्ये. संसाराचा निम्मा भार पोस्टमनवर आणि उरलेला बायकोवर.

पैशाचंही तसंच. जवानाच्या पगारातून ठरावीक रक्कम कापून 'फॅमिली अलॉटमेंट'ची मनीऑर्डर घरी येई. इथे ती सासऱ्यांच्या नावाने यायची. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, रीतच तशी. पण मूल होणार होतं आणि सुनेच्या हातात डॉक्टरकडे जायच्या रिक्षाचेही पैसे नसत. मी बँकेत आहे हे ठाऊक असल्याने तिने एकदा हळूच विचारलं, "भाऊ, माझ्या नावाने खातं निघेल का?" खातं काढणं सोपं होतं, नवऱ्याला ते पत्रात लिहिणं अवघड. तिने लिहिलं. कोर्स संपायच्या आत त्याने अलॉटमेंट बायकोच्या नावावर करून घेतली.

घरात आठ-दहा दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग एके दिवशी सासूनेच सांगितलं, "पासबुक इकडंतिकडं टाकू नको, देव्हाऱ्यात ठेव."

तो कोर्स पास झाला, पुढे हवालदार होऊन निवृत्त झाला. त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे, आणि असावंच. पण त्या काळात त्याला निवांत अभ्यास करता आला, कारण इकडे कुणीतरी त्याच्या वाटचा रोट खात होतं, त्याच्या आईवडिलांचं पाहत होतं आणि पत्रात रडगाणं लिहीत नव्हतं. तिला प्रमाणपत्र कुणी दिलं नाही.

आपापल्या घरात अशी कुणी काकू, मावशी, आजी असेल. जुन्या ट्रंकेत तिची पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या असतील. रद्दीत घालू नका. आणि कुटुंबाचा इतिहास लिहाल तेव्हा फौजी माणसाच्या नावापुढे हुद्दा लिहाच, पण शेजारी तिचंही नाव पूर्ण लिहा.